टाचा खाली, मिस्टर पावलुक

२ एप्रिल, गुरुवार
निर्णय झाला. घोडेस्वारी शिकणार.

जानेवारीत रिटायर झाल्यापासून मार्लीनला माझी सोबत मिळतेय खरी, पण शनिवारची सकाळ राहून जाते. गेल्या सप्टेंबरपासून ती दर शनिवारी डॉना केसलरच्या फार्मवर घोड्यावर बसायला जाते. एकटी. साठीच्या बाईने नवऱ्याशिवाय घोड्यावर बसायचं म्हणजे काय सुख असणार? बोलत नाही बिचारी, पण मला कळतं. सदतीस वर्षांचा संसार आहे.

शिवाय रक्तात आहेच. आजोबा युक्रेनहून कॅनडातल्या आल्बर्टात आले तेव्हा त्यांनी घोड्यावर बसून ही सगळी जमीन पाहिली होती. मार्लीनचं म्हणणं, तो बैल होता आणि आजोबा त्याच्या मागून चालत होते. तपशील.

तिला आत्ता सांगायचं नाही. सरप्राइज.

६ एप्रिल, सोमवार
डॉनाला फोन केला. अनुभव किती, तिने विचारलं. ‘मध्यम’ म्हणालो. लहानपणी जत्रेत एकदा बसलो होतो. फोटो आहे. फोटोत पोनी दिसत नाही, पण होती.

मग बाईने वजन विचारलं. इतका रोखठोक प्रश्न मला काउंटीच्या नोकरीतल्या मेडिकलमध्येही कुणी केला नव्हता. सांगितलं. रिटायर होण्याआधीचं. बऱ्याच आधीचं.

दुपारी शहरात जाऊन बूट घेतले आणि काउबॉय हॅट. आरशात पाहिलं. इतकी वर्षं रस्ते विभागात बर्फ उपसत बसलो हे चुकलंच.

११ एप्रिल, शनिवार
पहिला धडा. उत्तम.

मला पाहून मार्लीन होती तिथेच थबकली. तशीच उभी राहिली, हातात खोगीर. एवढा आनंद मी तिला गेल्या कित्येक वर्षांत दिला नसेल.

डॉनाने हॅट काढायला लावली. हेल्मेट सक्तीचं. माझ्या मापाचं एकच होतं, जांभळं, त्यावर चांदण्या. घोड्यावर चढायला तीन पायऱ्यांचं लाकडी स्टूल देतात. मी म्हणालो, नको. मग एकदा प्रयत्न केला. मग स्टूल घेतलं.

घोडीचं नाव मफिन. ही गोष्ट मी कुणाला सांगणार नाही. यापुढे या वहीत फक्त ‘म.’ मार्लीनही म. वरूनच, पण घोटाळा व्हायचं कारण नाही.

म. थेट फाटकापाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. बाकीच्या बायका गोल गोल फिरत होत्या. मी तिला हलवलं नाही. आधी जनावराचा विश्वास मिळवावा लागतो. तासभर मिळवला.

संध्याकाळी
बसता येत नाही. वरेनिकी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, ओट्यापाशी उभ्याने खाल्ल्या. मार्लीनला तिच्या बसण्यातल्या चार-पाच चुका दाखवून दिल्या. ती गाडी धुवायला गेली. बाहेर बर्फ पडत होता.

१८ एप्रिल, शनिवार
डॉना सारखी ओरडत असते, टाचा खाली, मिस्टर पावलुक. माझ्या टाचा वर जातात हे खरं आहे. कामाच्या माणसाच्या जातातच. ज्याला कुठे पोहोचायचं नसतं त्याच्या खाली राहतात.

क्लास झाल्यावर त्या तिघी, म्हणजे मार्लीन, नर्स असलेली रूथॲन आणि फिलिस, कॉफी प्यायला जातात, हे मला आजच कळलं. मीही गेलो. त्यांच्या गप्पांना काही आकार नव्हता. कुणी काहीही बोलायचं आणि बाकीच्यांनी हसायचं. मी मोठ्या हिमवादळाच्या वर्षाची हकिगत सांगितली, बर्फ हटवणाऱ्या सतरा गाड्या, चार दिवस, रस्ता एकही बंद नाही. मन लावून ऐकत होत्या. पण दुसऱ्या दिवसावर येतोय तोच फिलिसला एकदम कुठेतरी जायचं आठवलं. मग रूथॲनला. बायका फार कामात असतात.

म. परतताना गप्प होती. (घोडी नव्हे.)

२५ एप्रिल, शनिवार
आज घोडी दुडकी चालवली. म्हणजे ती चालली, आपणहून, एका वळणापर्यंत. वळणावर ती वळली. मी सरळ गेलो.

याला पडणं म्हणता येणार नाही. पडणं अचानक होतं. मला ते होताना बराच वेळ दिसत होतं.

मार्लीन सगळ्यांत आधी धावत आली. हाडं ठीक आहेत म्हटल्यावर तिने डोळे मिटून घेतले आणि कपाळावर हात ठेवला. काळजी.

नंतर डॉनाने बाजूला घेऊन सांगितलं की मला जरा वेगळ्या प्रकारचं, जवळून लक्ष हवंय, तर मंगळवारी चारच्या क्लासला या. मी ओळखलं. शनिवारच्या बायकांचा वेग माझ्यामुळे बिघडत होता. मार्लीनला गाडीत सांगितलं, प्रमोशन मिळालं. तिने रेडिओ लावला आणि अख्ख्या रस्ताभर गाणं गुणगुणत होती. कित्येक महिन्यांनी.

कॉफीचा कार्यक्रम बंद झालाय, असं तीच म्हणाली. वजनाची काळजी असणार.

५ मे, मंगळवार
मंगळवारच्या क्लासमध्ये माझ्याखेरीज चार जण आहेत. सर्वांत मोठा नऊ वर्षांचा.

डॉनाने आधी सांगायला हवं होतं. पण काउंटीत माझ्या हाताखाली साठ माणसं होती, तेव्हा चार सांभाळणं अवघड नाही. पोरांना एक माणूस हवाच होता. ब्रिन नावाची सात वर्षांची मुलगी आहे, पुढचे दोन्ही दात नाहीत. तिला मी लगाम धरण्याची योग्य पद्धत समजावली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आजोबा, तुम्ही उलटा धरलाय.

नंतर खेळ. डॉना ‘हिरवा’ म्हणाली की चालायचं, ‘लाल’ म्हणाली की थांबायचं. म. सुरुवातीपासून लालवर होती. पाचवा आलो.

२६ मे, मंगळवार
भरघोस प्रगती. म. आता फाटक सोडते. पोरांच्या घोड्यांच्या मागे जाते, पण जाते.

आज ब्रिन एका आडव्या ओंडक्यावरून गेली. टाळ्या. मी म. ला ओंडक्यापर्यंत नेलं आणि आम्ही दोघांनी तो पाहिला. डॉना म्हणाली, छान, आज एवढंच पुरे.

मार्लीन आता चौखूर पळवते, असं रूथॲनकडून दुकानात कळलं. मला बोलली नाही. माझा उत्साह मावळू नये म्हणून असेल. घरी जाऊन विचारलं, तर म्हणाली, हो, मार्चपासून. मार्चमध्ये मी नव्हतोच, तेव्हा नक्की कसं पळवते कोण सांगणार. दोन-तीन सूचना केल्या.

९ जून, मंगळवार
मोठी बातमी. जेवताना मार्लीन म्हणाली, जुलैत आम्ही घोड्यांवरून डोंगरात जातोय, पाच दिवस, तंबूत राहणार. लगेच बटाटे वाढायला लागली.

तर चला. मी आणि मार्लीन, डोंगर, तंबू. रिटायर होताना अगदी हेच मनात होतं. तिने स्वतः ठरवलं याचं विशेष.

१३ जून, शनिवार
तयारी. दोघांचा तंबू आणला. अस्वलं पळवायचा तिखटाचा फवारा आणला. नीट चालतो की नाही, हे गॅरेजमध्ये पाहिलं. चालतो. वारा कुठून येतोय हे आधी बघायला हवं. दुपार बागेतल्या नळाखाली गेली. शेजारचा लेन डायसन कुंपणावरून सगळं बघत होता, पण काही विचारलं नाही. सभ्य माणूस.

१६ जून, मंगळवार
क्लासनंतर डॉनाला सांगितलं, जुलैच्या सहलीला आमची दोन नावं धर. ती बराच वेळ खराऱ्यातले केस काढत राहिली. मग म्हणाली, मिस्टर पावलुक, तुम्ही एकदा मार्लीनशी बोला.

सरप्राइज दिसतंय. जुलैतच माझा वाढदिवस असतो. काही कळलं नाही असं दाखवायचं.

२० जून, शनिवार
फवाऱ्यानंतर माझे डोळे अजून चुरचुरतात, म्हणून आज येताना ट्रक मार्लीन चालवत होती. तिला क्लासहून घ्यायला गेलो होतो. दुसरी गाडी दुरुस्तीला दिली आहे. मी म्हटलं, डोंगरात तू माझ्या मागून चाल, म्हणजे उतारावर काही झालं तर मी पुढे असेन. तिने खडीच्या रस्त्यावर, कॅनोलाच्या शेतापाशी, ट्रक कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं.

वारा जोरात होता, त्यामुळे ती काय बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही. जेवढं ऐकू आलं ते असं:

“मी ‘आम्ही’ म्हटलं होतं, ओरेस्ट. ‘आपण’ नाही. आम्ही म्हणजे मी, रूथॲन आणि फिलिस.”

मी म्हणालो, एक जास्त घोडा काही जड नाही.

“तू जानेवारीपासून घरात आहेस,” ती म्हणाली. “टॉवेलची घडी कशी घालायची ते मला सांगतोस. सूप कुठल्या दिशेने ढवळायचं ते सांगतोस. तिथे घोड्यावर बसले की मला कुणी काही सांगत नाही. आठवड्यात तेवढंच.”

मी म्हणालो, डॉना सांगते की. दिवसभर ओरडत असते.

“ती माझ्या टाचांबद्दल सांगते. फक्त टाचांबद्दल.”

मग मी विचारलं की एप्रिलमध्ये मला पाहून तिला आनंद झाला होता ना. ती शेताकडे बघत राहिली. म्हणाली, “मला वाटलं, आता इथेही.”

रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नव्हती. रुमाल शोधत होती. माझ्या खिशात होता, दिला. तिने इंजिन सुरू केलं. दुसरा गिअर जरा लवकर टाकला. मी काही बोललो नाही.

२१ जून, रविवार
संकल्प: मार्लीनला आठवडाभर एकही सूचना करायची नाही. अगदी सोपं आहे. इतकी वर्षं माणसं हाताळली आहेत.

२१ जून, दुपारी
भांडी धुवायच्या मशिनमध्ये ती मोठे वाडगे खाली लावते. पाणी वर पोहोचतच नाही. हे मी तिला सांगितलं नाही. वाडगे फक्त उचलून वर लावले. ती दारात उभी होती.

संकल्प उद्यापासून.

१ जुलै, बुधवार
लेन डायसनला सांगितलं की गुडघ्यामुळे डोंगर रद्द करावा लागला. तो म्हणाला, अरेरे, कुठला? डावा म्हणालो. जाताना आठवणीने लंगडलो. खिडकीतून मार्लीन म्हणाली, उजवा लंगडतोयस.

दोघांचा तंबू परत करायला गेलो, पण उघडलेला घेत नाहीत. मागच्या अंगणात उभा केलाय. उन्हात वाळवायला. नवीन तंबू वाळवावा लागतो.

१० जुलै, शुक्रवार
मार्लीन गेली. रूथॲनच्या गाडीतून. मी बॅग दारापर्यंत नेली. पट्टा कसा बांधावा याबद्दल एक वाक्य माझ्या तोंडात आलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, फ्रीजमध्ये कोबीच्या पानातली होलुपची आहेत. वाक्य गिळलं. बरंच मोठं होतं.

घर शांत आहे. सूप दोन्ही दिशांनी ढवळून पाहिलं. फरक पडत नाही.

११ जुलै, शनिवार
टॉवेलच्या घड्या घातल्या. माझ्या पद्धतीने कपाटात मावत नाहीत. कपाट चुकीचं आहे.

१४ जुलै, मंगळवार
क्लासला गेलो. ब्रिन आणि बाकीचे तिघे नव्हते. डॉना म्हणाली, त्यांना वरच्या क्लासमध्ये घातलं. मी थांबलो, म्हटलं, पुढचं वाक्य माझ्याबद्दल असेल. नव्हतं. नवीन तुकडी आली होती, पाच वर्षांची. एकीने चिखलाचे बूट माझ्या पँटला पुसले. तिचं नाव वेंडलिन.

हिरवा-लाल खेळलो. चौथा आलो. पाच जणांत.

क्लास संपवून म. ला घेऊन परतत होतो, तेव्हा तबेल्याच्या पलीकडे घोड्यांचा ट्रेलर येऊन थांबला. दारं उघडली आणि कुणीतरी हसलं. मोठ्याने, पोट धरून, मध्ये श्वास अडकून पुन्हा सुरू होणारं हसू. मला वाटलं फिलिस असेल. मग वाटलं, ही बाई कोण?

मार्लीन होती. टोपी मागे लटकत होती, नाक सोललं होतं, एका पायावर उभी राहून बुटातली खडी काढत होती आणि रूथॲन तिला धरून होती. सदतीस वर्षांत हे हसू मी ऐकलंच नसेल, असं नाही. ऐकलं असणार. कधी ते आठवेना.

दहा पावलांवर होतो. ट्रेलरची फळी चुकीची लावली होती. घोडा उतरताना घसरू शकतो, कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं. मी म. ला तबेल्याच्या मागे नेलं.

आम्ही तिथे उभे राहिलो. म. उभं राहण्यात पटाईत आहे. वेंडलिन हेल्मेट घालूनच मागून आली आणि म्हणाली, तुम्ही लपलाय का? मी म्हटलं, छे, घोडीला सावली हवी होती. ती वर बघून म्हणाली, ऊनच नाहीये.

पलीकडे घोडे उतरले. एकही घसरला नाही. हसणं बराच वेळ चाललं, मग गाड्यांची दारं लागली आणि त्या गेल्या. मला कुणी पाहिलं नाही.

मी घरी पोहोचलो तेव्हा ती आंघोळ करून स्वयंपाकघरात बसली होती. कशी झाली सहल, एवढंच विचारलं. मग ती बोलत राहिली. नदी ओलांडताना फिलिसची टोपी वाहून गेली ते, रात्री तंबूबाहेर अस्वल म्हणून ज्याला घाबरल्या ती रूथॲन निघाली ते. जेवण निवून गेलं. मध्ये एका खिंडीचं नाव तिने चुकीचं सांगितलं. माझं तोंड उघडलं. ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, मीठ दे.

तिने दिलं. मला नको होतं. पण घातलं, आणि सगळं खाल्लं.