विहीणबाई तारेवर, सही माझी

आदरणीय दाजी,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे खुशाल. तुमचा गुडघा जिना चढू लागला का आणि आक्का अजून चहात चोरून साखर घालते का, ते सविस्तर कळवणे.

आमच्या संघप्रियाच्या स्थळाचं तुम्ही विचारलंत, पण ते फोनवर सांगता येईना (सौ. मध्येच हसते, मुद्दा तुटतो). कबनूरचे पाहुणे दुसऱ्यांदा आले होते, मुलगा प्रसेनजीत आणि त्याची आई शेवंताबाई. जेवणं झाल्यावर पोरांनी टूम काढली, पन्हाळ्याच्या वाटेवर तारेला लोंबकळत जायची नवी बाग झाली आहे, तिकडे जाऊ. तिथं दारातच मोबाईलवर करारनामा येतो: काही झालं तर बाग जबाबदार नाही, खाली बोटानं सही करा. लोक न वाचता बोट फिरवतात. मी सगळा वाचला (मागची रांग बरंच बोलली). वर पाहुण्यांना समजावलं, की कागद नाही एवढ्यावरून करार रद्द होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम दहा-अ. मी कॉलेजात गेलो नाही, पण मूळ कायदा विकत आणून वाचलाय. आणि पाहुण्यांना कशाला त्रास, म्हणून हॉटेलात बिल आपणच देतो तशी सगळ्यांची सही मीच केली. शेवंताबाईंचीसुद्धा.

शेवंताबाई तारेवरून उत्साहानं सुटल्या आणि खालच्या ओढ्याच्या बरोबर मधोमध थांबल्या. मॅनेजर म्हणाला, दोरी ओढणारा जेवायला बसलाय, येईल. मी आवाज चढवला तर त्यानं मोबाईलच पुढं केला. "काका, सही तुमचीच हाय की. मधी अडकलं तर आमी जबाबदार न्हाय, लिवलंय." लिहिलं होतं (पाहुण्यांना मीच ते वाचून दाखवलं होतं). आता मला सिद्ध करणं आलं, की माझी सही बाद आहे. शेवंताबाईंनी मला अधिकार दिलेला नाही, सबब त्यांच्यापुरता करार झालेलाच नाही. आणि झाला असं धरलं तरी निष्काळजीपणा असा सहीनं धुऊन निघत नाही. हे मी इतक्या मोठ्यानं मांडलं, की वरून आवाज आला, "पावणं, सही खरी का खोटी ते मागनं ठरवा. आदी मला खाली घ्या की."

दोरीवाला ताटावरून उठून आला. खाली उतरल्यावर शेवंताबाई तांब्याभर पाणी प्याल्या आणि लेकाला म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. बापाचं चालवून घिऊ."

तर दाजी, लग्न ठरलं. मी समाधानी आहे. मुद्दाही कायद्यानं बरोबरच होता.

आपला मेहुणा,
बाबासो

ता. क. हॉल ऑनलाइन बुक करायचा आहे. विहीणबाईंची एकच अट आहे, सही मी करायची नाही. मुलीकडून ती तुम्ही करावी, यासाठीच खरं तर हे पत्र. रीतसर अधिकारपत्र सोबत जोडलं आहे.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवताना कळलं, की सौ.नं आक्काला फोन केला आणि तुम्ही सकाळीच सही करून मोकळे झालात. दाजी, अटी वाचल्यात का?