दारातून बघायचं बाथरूम

ती. ताईस,

तुला आणि भावोजींना वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि भावोजींचा खोकला गेला की अजून घर डोक्यावर घेतोय, ते सविस्तर कळव. आम्ही दोघं खुशाल आहोत. (पत्रात हे वाक्य लिहायचं असतं म्हणून लिहिलंय. पुढे वाच.)

तुला ठाऊक आहे, आमच्या मालकीणबाई दर तीन वर्षांनी घर बघायला येतात आणि मगच करारावर सही करतात. करारात ठळक अक्षरांत लिहिलंय की घरात कुठलाही धंदा चालणार नाही. आणि तुझी भावजय गेली नऊ वर्षं आमच्या बाहेरच्या खोलीत लोकांच्या भुवया कोरतेय. बाहेरच्या खोलीत दिसते ती फक्त एक खुर्ची. बाकीचा सगळा पसारा बाथरूममध्ये: वॅक्सचा डबा, पाय भिजवायचा टब, केसांच्या रंगाच्या नळ्या, चौदा टॉवेल, आणि बाटल्या किती ते मी विचारत नाही, ती सांगत नाही. आम्ही आंघोळ करतो ती उरलेल्या जागेत, अंग चोरून. हे घर गेलं तर तिची गिऱ्हाइकंही गेली. चार गल्ल्या पलीकडे राहायला गेलो तरी पुन्हा पहिल्या भुवईपासून सुरुवात. त्यामुळे मंगळवारी येते असा बाईंचा निरोप आला आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं.

ती म्हणाली, सामान चार दिवस शेजारच्या शिंप्याकडे ठेवू. मी म्हटलं, कपड्यांच्या दुकानाची शोकेस बावीस वर्षं सजवणारा नवरा घरात असताना शिंप्याचे पाय कशाला धरायचे? (ताई, इथेच कोणीतरी माझं तोंड दाबायला हवं होतं.) दोन दिवस रजा टाकली आणि कामाला लागलो. थर्माकोलला सागवानी रंग देऊन सहा फळ्या केल्या आणि दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने भिंतीवर लावल्या. त्यांवर एकसारख्या पांढऱ्या बरण्या, सगळ्या रिकाम्या. टब उपडा घालून त्यावर चादर टाकली, की झालं बैठं टेबल. वॅक्सचा डबा वेताच्या टोपलीत आणि टोपलीवर कागदी फुलं. रंगाच्या नळ्या फुलदाणीत. घडी घातलेल्या सहा रंगांच्या टॉवेलांची जी चळत दिसत होती तो खरा एकच पुठ्ठा होता, पुढून काठाच्या पट्ट्या टाचलेला. खरे टॉवेल दुकानातून आणलेल्या बिनडोक्याच्या पुतळ्याच्या झग्यात कोंबले, त्यामुळे पुतळा जरा खात्यापित्या घरचा दिसायला लागला. उरल्या बाटल्या. त्या मी दारामागच्या कोपऱ्यात जमिनीपासून खांद्यापर्यंत रचल्या. दार आत उघडतं, त्यामुळे दारात उभ्या असलेल्या माणसाला तो कोपरा दिसतच नाही. मागच्या वेळी बाई दारातूनच बघून गेल्या होत्या. शोकेसमध्ये गिऱ्हाईक कधी आत शिरत नाही, यावर माझी बावीस वर्षांची श्रद्धा आहे.

बाई आल्या. स्वयंपाकघर बघितलं, खिडक्या बघितल्या, बाथरूमच्या दारात थांबल्या. थांबल्या म्हणजे थिजल्याच. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात त्या आत गेल्या आणि आतून कडी लावली.

कडी लावायची तर दार आधी बंद करावं लागतं. ही गोष्ट त्या क्षणी माझ्या लक्षात आली. तुझ्या भावजयीच्या ती माझ्या आधी लक्षात आली होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आम्ही दोघं बोळात भिंतीला टेकून उभे राहिलो. आत आधी काहीच आवाज नव्हता. मग नळ सुटला, बंद झाला. मग टाचण्या फरशीवर सांडल्या (म्हणजे बाईंनी टॉवेल घ्यायला हात घातला). मग पुन्हा शांतता, आणि मग काचेवर काच लागल्याचा आवाज, अगदी हलका, कोणीतरी बाटली उचलून वाचून परत ठेवावी तसा. असा आवाज मी सतरा वेळा मोजला. तुझ्या भावजयीने माझं मनगट धरलं होतं. त्यावर तिच्या नखांच्या खुणा अजून आहेत. मी घाबरलो होतो, ताई. नऊ वर्षं तिने एकेक बाई जोडून जे उभं केलं ते मी टेपने चिकटवून ठेवलं होतं.

बावीस मिनिटांनी बाई रुमालाला हात पुसत बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या आणि सही केली. म्हणाल्या, "दारामागे जे आहे ते दारामागेच राहू दे, मी काही बघितलं नाही. पण पुढचं सगळं असंच्या असं राहिलं पाहिजे. रविवारी नणंदेला दाखवायला आणते, फार तोरा आहे तिला आपल्या नव्या घराचा. आणि भिंतीच्या फरशीला खिळा मारायचा नाही."

त्या गेल्यावर मी पेढे आणायला निघालो. तुझी भावजय पुतळ्याच्या झग्यातून टॉवेल काढत होती. वर न बघता म्हणाली, "नऊ वर्षं तुमच्याकडे एक फळी मागतेय. बाईंसाठी दोन दिवसांत सहा लागल्या." मी पेढे आणले नाहीत.

बाकी सर्व ठीक. वाटेत भेटतील त्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. दोन तांबे पाणी अंगावर घेतलं की वाफेने दोन फळ्या सुटतात. तेव्हा रविवारपर्यंत आम्ही दोघं रोज सकाळी साडेसहाला तुझ्याकडे आंघोळीला आलो तर चालेल ना? साबण आमचा.

ता. क. २. पत्र तुझ्या भावजयीने वाचलं. ती म्हणते दोघं नाही, ती एकटीच येणार, आणि आंघोळीपुरती नाही तर राहायला. बॅग भरून झाली आहे. हे पत्र तीच आणतेय.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी घाईत लिहितोय, हे तिने वाचलेलं नाही. भावोजींचं ड्रिल मशीन कोणाच्या तरी हाती पाठव, पण तिच्या नको. रविवारी बाई नणंदेला घेऊन येतील तेव्हा भिंतीत एक खरी फळी असेल आणि तिच्यावर हिच्या बाटल्या असतील. पुढे घर राहिलं तर राहिलं. मशीन कसं धरायचं ते भावोजींना कागदावर लिहून द्यायला सांग. टेपच्या पुढे मी आजवर कधी गेलेलो नाही.