काट्यावर उभं राहण्याची पाळी

प्रिय बुटके,

तुला मुलगा झाल्याचं मला भाऊजींकडून कळलं, तुझ्याकडून नाही. आधी इतकी रागावले की म्हटलं, जाऊ दे, तिला आपली गरज नाही तर आपलं तरी काय अडलंय. घरभर तणतणत फिरले. मग बाजारात इवलेसे मोजे दिसले आणि घेऊनच आले. निळे आहेत. तुला निळा आवडत नाही, माहीत आहे, गप्प बस.

केंद्रात सगळं तसंच आहे. मुलांच्या वाढीचा अभ्यास अजून चालूच आहे. तीच मुलं दर तीन महिन्यांनी येतात, वजन, लांबी, दंडाचा घेर, सगळं तेच. उंचीची पट्टी वाचायला तुला लागायचं ते स्टूल कोपऱ्यात पडून आहे, माझ्यासारख्या शिडीला ते काय कामाचं? तुझ्या जागी एक नवीन मुलगी दिलीय. बाळाला मोजायच्या फळीवर आडवं केलं की डोकं तिने धरायचं आणि पाय मी, आपण करायचो तसंच. हात चांगले आहेत तिचे, पण बाळांशी बोलत नाही गं. तू कशी वरून तोंड घालून गप्पा मारायचीस, आज काय खाल्लं, कुणाला चावलास, आणि भोकाड पसरलेलं पोर तुझ्याकडे टकामका बघत राहायचं. तेवढ्यात मी त्याचे गुडघे सरळ करून आकडा वाचायचे. आता पोरं रडतात, मी घामाघूम होते आणि माप पुन्हा घ्यावं लागतं. परवा तिला जरा जास्तच बोलले. बिचारी कावरीबावरी झाली. तिचा काय दोष?

छकुलीचं नाव काढायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते. नाही जमत. तीही याच अभ्यासातली, आणि नियम असा की आपल्या पोराचं माप आपण घ्यायचं नाही. म्हणून तिची पाळी आली की तू एप्रन काढून इतर आयांसारखी बाकावर बसायचीस, आणि मी मुद्दाम तुला दटावायचे, बाई, चपला बाहेर काढा. किती हसायचो! मग तू काट्यावर उभी राहायचीस, मी बटण दाबून तुझं वजन शून्य करायचे आणि छकुलीला तुझ्या हातात द्यायचे. जो आकडा दिसेल तो तिचा एकटीचा. तो मोठ्याने वाचायचा, हाही नियमच. सुरुवातीला मी तो गाणं म्हटल्यासारखा वाचायचे. मग तिच्या रक्तातला तो आजार वाढत गेला, आकडा दर खेपेला उतरू लागला आणि माझा आवाजही. तू तिला घट्ट धरून समोरच्या भिंतीकडे बघत ऐकायचीस. शेवटच्या खेपेला म्हणालीस, पुन्हा घे, काटा चुकला असेल. मी पुन्हा घेतलं. काटा चुकला नव्हता गं.

ती गेल्यानंतर तू कामावर परत आलीस, ती सकाळ काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. काम सुरू करण्याआधी काटा तपासायचा, आपलं रोजचंच. एकीने वर उभं राहायचं, शून्य करायचं, मग पाच किलोचं लोखंडी वजन हातात घ्यायचं. पाच दिसले की काटा बरोबर. त्या दिवशी पाळी तुझी होती. माझ्या डोक्यातच आलं नाही, हात सवयीने चालतात. मी बटण दाबलं, वजन उचलून वळले, तर तू आधीच दोन्ही हात पुढे केले होतेस. एक मानेखाली धरायचा, एक पाठीखाली, तसे. मी वजन दिलं. तू ते छातीशी धरलंस आणि खाली ठेवेचनास. पाच किलो बरोबर दिसत होते. बाहेर आया खोळंबल्या होत्या आणि मी तुझ्या पायाशी बसून रडत होते. दुपारी तू राजीनामा दिलास, नंतर गावही सोडलंस. थांब म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

काल भाऊजींचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग एकदम रडायलाच लागले. बाळाच्या पोटात दूध ठरत नाही, डॉक्टर औषध द्यायला तयार आहेत, पण किती द्यायचं ते वजनावर ठरतं, आणि तू त्याला काट्यावर ठेवू देत नाहीस. दवाखान्यातून त्याला उचलून घरी निघून आलीस. लोक याला वेडेपणा म्हणतील, मी नाही म्हणणार. तुला वाटतं, एकदा काट्यावर ठेवलं की आकडा उतरायला लागतो. मी रोज तेच काम करते, तरी कधी कधी मलाही तसंच वाटतं. पण बुटके, त्याला औषध हवंय. हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. तुझ्या हातात देणार आहे, कारण तुला समोर बघितलं की मला एक शब्द बोलता यायचा नाही. तू हे वाचतेस तेव्हा मी बाहेरच्या खोलीत बसलेली असेन. काटा पिशवीत आहे. या खेपेला त्यावर मी उभी राहीन, शून्य भाऊजी करतील आणि आकडा डॉक्टरांना तेच सांगतील. मोठ्याने कुणी वाचणार नाही. तुला एकच करायचंय. बाहेर ये आणि त्याला माझ्या हातात दे.

तुझीच,
शिडी