टाकीतली लिंबे

८ जून १८८९, शनिवार

झाले! पंधरा पाने मराठीत उतरली; शेवटचे एक वाक्य तेवढे उरले. बोटे शाईने माखली आहेत. आत्या मला स्वयंपाकघरात येऊ देत नाही.

भाऊ ज्यांच्याकडे कारकून आहे, त्या मालकांची मिठाच्या पडाव-होड्या ओढणारी लहान आगबोट पावसाळ्यापुरती कोपरीच्या खाडीकाठावर चढवली आहे. तिच्या यंत्राची निगा कशी राखावी, ते केवळ एका इंग्रजी पुस्तकात. जुना ड्रायव्हर चैत्रात मुंबईस निघून गेला. म्हणून भाऊ म्हणाला, "सुमे, शाळेत पहिली येतेस ना? मग लाव तो इंग्रजी शब्दकोश कामाला!"

वडील म्हणून नानांची अट निराळी. "नारळी पौर्णिमेपर्यंत इंग्रजी वाच. उपयोगी पडले तर पुढे बघू. नाही तर पुस्तके ट्रंकेत."

"आणि ही बोहल्यावर," आत्या म्हणाली. तिने स्थळे पाहून ठेवलीच आहेत.

९ जून

खाडीचे पाणी उकळून बाफेच्या टाकीत मिठाची खपली धरते. ती खरवडावी, टाकी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवावी, मंद जाळाने वाळवावी — हे सारे नीट लागले. मग शेवटचे वाक्य: टाकी बंद करण्यापूर्वी आत 'लाइम'ची परात ठेवावी, म्हणजे गंज चढत नाही. कोशात पाहिले — लिंबू. क्षणभर नवल वाटले. पण आत्या तांब्याचे हंडे लिंबाच्या फोडीनेच लखलखीत करते! किती सोपे तत्त्व! मी स्वतःवरच खूश झाले.

१० जून

भाऊने कागद वाचून दाखवला. आगबोटीच्या भट्टीवरचा आगरी गडी धाकू म्हणाला म्हणे, "लिंबू? बरा! नजर बी लागाची नाय." भाऊने पंचवीस लिंबे आणून दिली. धाकूने टाकी आज बंद केली. नाना जेवताना म्हणाले, "पोरीचे अक्षरही छान आहे." हे मी कितीदा आठवावे?

१२ जुलै

पाऊस. धाकूची बायको आवडाबाई मीठ घेऊन आली. लिंबाच्या लोणच्याचा लहानसा बुधलाही होता. आत्याने ओसरीवरूनच परत पाठवला. "त्यांच्या हातचे कोण खाणार? आणि या दिवसांत यांना एवढी लिंबे परवडतात कशी!" आवडाबाई नुसती हसली. मला फार वाईट वाटले. पण तोंडातून शब्द फुटला नाही. माझा कधी फुटतो?

२ ऑगस्ट

हे देवा.

पुस्तकाची उरलेली पाने करमणूक म्हणून वाचत होते. एकोणचाळिसाव्या पानावर — परातीतली 'लाइम' हवेतले पाणी शोषून फुगते, तिची पूड झाली की ती बदलावी.

लिंबाची पूड कशी होईल?

कोश पुन्हा काढला. पहिला अर्थ लिंबू. दुसरा — चुना. कळीचा चुना! दुसरी ओळ मी वाचलीच नव्हती.

म्हणजे पंचवीस रसरशीत लिंबे त्या बंद टाकीत दोन महिने कुजत आहेत. ओल आणि आम्ल, दोन्ही मीच लिहून दिले.

३ ऑगस्ट

वाचवेना. जेववेना.

५ ऑगस्ट

भाऊला सांगितले. तो पांढराफटक पडला. मग दरवाजा लोटून म्हणाला, "गप्प बस. मालकांना कळले तर माझी नोकरी जाईल. पत्रा एवढ्याने मरत नाही."

"आणि मेला असला तर?"

"सुमे, गप्प बस म्हटले ना!"

गंजाने पातळ झालेला पत्रा बाफेच्या जोराने फाटतो. हेही त्याच पुस्तकात आहे. ते मी बरोबर वाचले आहे — तीनदा.

७ ऑगस्ट

आवडाबाई आली होती. "पुनवेला नारल फोडतील, मंग आमचे धनी भट्टी पेटवतील. दोन महिनं बसून कटाललेत गो बाय!"

भट्टीच्या तोंडाशी धाकू उभा राहणार. मी नव्हे, भाऊ नव्हे. तिच्या देखत मला रडू आले. "डोल्यांत कचरा गेला का?" तिने विचारले. मी मान डोलावली. भित्री!

८ ऑगस्ट

नानांना सांगितले. पाठ केलेले एकही वाक्य आठवले नाही. कोश उघडून त्या दोन ओळींवर बोट ठेवले.

नानांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या. मग, "पेटवण्याआधी टाकी उघडायची. मालकांशी मी बोलतो." भाऊ माझ्याकडे पाहीना.

जाताना नानांनी कोश उचलला, यंत्राचे पुस्तक उचलले. ट्रंकेचे कुलूप लागल्याचा आवाज आला.

१० ऑगस्ट

कुलपाकडे पाहायचे नाही असे ठरवले आहे. दिवसभर तेवढेच केले.

११ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

टाकी कोरडी ठणठणीत! परातीत चुन्याची पांढरी पूड, आणि तिच्यावर एकच लिंबू. धाकू म्हणाला म्हणे, "जुना डायवर चुनकलीच ठेवाचा, तीच मीनी ठेवली. बाकी लिंबांचा लोनचा झाला. पन तायनी लिवलेला ना — म्हनून एक ठेवला."

हे सांगताना नानांना हसू आवरेना. ट्रंकेची किल्ली त्यांनी माझ्या कोनाड्यात ठेवली; शेजारी ते लिंबू. वाळून सुपारीएवढे झाले आहे. हलवले की आत बिया वाजतात.