झाडपाल्याच्या छापाचा नवरा

३ नोव्हेंबर, रविवार

विजार बसत नाही!

करड्या लोकरीची, जाड, शिकारीची विजार. आज पेटीतून काढली आणि बटण आणि काज यांच्यात चांगलं चार बोटांचं अंतर. श्वास रोखला, पोट आत घेतलं, पलंगावर आडवी पडून पाहिलं — अंतर तेवढंच. वर गुडघ्याला कसर लागलेली. पंधरा तारखेला हरणांचा हंगाम सुरू होतोय आणि मला कमरेखाली घालायला काही नाही.

रेयनो दारात उभा राहून म्हणतो, “नवी मागव ना, सिल्वी. माझ्यासारखी.”

त्याच्यासारखी म्हणजे झाडपाल्याच्या छापाची! एकतीस वर्षांच्या संसारात या माणसाने जंगलात जुन्या लोकरी जाकिटाशिवाय काही घातलं नाही. आणि या उन्हाळ्यापासून हे खूळ. टोपीवर पानं, हातमोज्यांवर पानं, बुटांवरसुद्धा पानं. काल तोंडावर ओढायची जाळी आली. ती घालून अंगणात उभा होता, तर मला वाटलं कुंपणाचं झुडूप घरात यायला निघालंय.

हसून हसून पोट दुखलं. तेवढं तरी आत जायला हवं होतं.

५ नोव्हेंबर

गावातल्या दुकानात गेले होते. पुन्हा जाणार नाही.

बायकांचे म्हणून जे शिकारीचे कपडे आहेत, ते गुलाबी. पानं गुलाबी, फांद्या गुलाबी. हे कुठलं जंगल? दुकानातली मुलगी म्हणते, “काकू, तुम्हाला गोड दिसेल!” मी म्हटलं, “बाळा, मला हरणाशी लग्न नाही करायचं.” विजार चढवून मांडीवर मांडी घासून पाहिली — खर्र, खर्र! रानात पाऊल टाकलं की मैलभर दवंडी. लोकरीचं काही आहे का, विचारलं, तर तिने स्वेटर दाखवला. बदकांचा.

बाबा मला पहिल्यांदा रानात घेऊन गेले तेव्हा एवढंच म्हणाले होते — वाजू नकोस, हलू नकोस, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बस. कपड्यांबद्दल एकच वाक्य: ऊब हवी, नाहीतर चुळबुळ करशील. झालं! लाल चौकड्यांचे कोट घालून या भागातल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या तळघरातले फ्रीजर मांसाने भरले. हरणाला लाल-नारिंगी कळतच नाही. त्याला तो मातकटच दिसतो. त्याला कळते ती हालचाल. आणि वास. आणि ही मूर्ख खर्र-खर्र!

६ नोव्हेंबर

जीन्स घालून जाऊ का, असं मनात आलं होतं. नको. निळा रंग हरणाला झक्क दिसतो — हे मला रेयनोनेच शिकवलं होतं! आज म्हणतो, “आत काहीही घाल, वरून झाडपाला ओढ.” डोकं फिरलंय.

९ नोव्हेंबर, शनिवार

विजार मिळाली! चर्चच्या तळघरातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगात, तळाशी. पुरुषी, मऊ हिरवट लोकर, कंबर बरोब्बर. लांबी इतकी की दोन सिल्वी मावतील. पाय कापले, शिवले. खाण्याच्या सोड्याने हाताने धुतली. साबणाच्या पावडरीत ती उजळपणा आणणारी नीळ असते, त्याने कपडे हरणाला चमकताना दिसतात. आता शेडमध्ये देवदाराच्या फांद्यांत टांगली आहे. कोट तर आहेच — सासऱ्यांचा, लाल-काळ्या चौकड्यांचा. वर कायद्याने सक्तीची नारिंगी टोपी, नारिंगी बंडी, दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसावा म्हणून. संपलं!

शेडमधून परत येते तर काय, रेयनोने आपले सगळे नवे कपडे मशीनमध्ये टाकलेले. माझ्या सुगंधी पावडरीत! छाप ओकच्या पानांचा आणि वास लॅव्हेंडरचा!

“डब्यावर ‘सुगंधी’ लिहिलंय ना मोठ्ठं,” मी ओरडले.

“वाचलं नाही.”

“का नाही वाचलं?”

“नाही वाचलं, सिल्वी. मर ना आता.”

असं तो बोलत नाही कधी. मी पुन्हा धुतले. सोड्याने. हात भाजल्यासारखे झालेत.

११ नोव्हेंबर

आता कहर झाला. मचाण सोडलं त्याने! कुरणाच्या कडेचं, त्याच्या वडिलांनी बांधलेलं मचाण. तिथून अख्खं कुरण दिसतं, पलीकडच्या बर्चच्या झाडांपर्यंत. ते डेलला देऊन टाकलं, धाकट्या भावाला. डेल बिचारा आनंदाने वेडा व्हायचा बाकी आहे. आणि हा स्वतः कुठे बसणार? खाली दलदलीच्या काठी, देवदारांच्या गर्दीत, जमिनीवर.

“तिथून हाताच्या अंतरापलीकडचं काही दिसणार नाही,” मी म्हटलं.

“तेच हवंय. जवळ आलं पाहिजे.”

“अरे, रायफल आहे तुझ्याकडे! मिठी मारायचीय का हरणाला?”

डेल टेबलावर हात आपटून हसला. रेयनो नाही हसला. कॉफी न पिता उठून गेला. रुसणं म्हणे! साठीचा बाप्या!

१४ नोव्हेंबर

कॅम्पवर, रानातल्या आमच्या शिकारीच्या खोपटात. पॅस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या करंज्या, भाजून आणल्या, सलगमाच्या वेगळ्या, कारण डेलला सलगम चालत नाही. सौना, वाफेच्या अंघोळीची खोली, तापवली. रेयनो झाडपाल्याचं जाकीट घालून जेवला. मी ओठ मिटून पॅस्टी वाढत राहिले.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला दिवस. हिम पातळ, वारा वायव्येचा. विजार उत्तम! दिवसभर एका ओंडक्याला टेकून बसले, ना थंडी ना आवाज. एक कोल्हा माझ्या बुटावरून जवळजवळ चालत गेला. लाल कोट, नारिंगी टोपी, आणि कोल्ह्याला पत्ता नाही! रेयनोला सांगितलं तर म्हणाला, “हं.”

डेलने मचाणावरून शिंगवाला टिपला. त्याआधी म्हणे एक मादी रेयनोच्या अगदी पुढ्यातून गेली. डेलने वरून पाहिली. रेयनोने बंदूकसुद्धा उचलली नाही.

“इतका लपलास,” डेल म्हणाला, “की हरणीला कळलंच नाही तुला भेटायचं कुठे!”

“मादी मारायची नव्हती,” रेयनो म्हणाला.

आमच्याकडे मादीचा परवाना आहे. त्यानेच काढलाय.

१६ नोव्हेंबर

आज नको वाटतंय. लिहिते तरी.

सकाळी दहाला मी त्याच्याकडे जायचं ठरलं होतं. कॉफी घेऊन, लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटेने. ठरल्या वाटेनेच गेले. वळण घेतलं. देवदारांत मला आधी तो दिसलाच नाही — झाडपाला! मग दिसली रायफलीची नळी. सरळ माझ्या छातीवर.

मी ओरडले, “रेयनो! मी!”

नळी हलली नाही.

किती वेळ, माहीत नाही. त्याचं बोट चापावर होतं. मी पुन्हा त्याचं नाव घेतलं. मग नळी हळूहळू खाली आली. आणि तो हिमात मटकन बसला. जाळी तोंडावर तशीच.

कॉफी सांडली. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही.

“उजेड डोळ्यांवर आला,” म्हणाला.

उजेड! आभाळ गच्च भरलेलं, सूर्य दोन दिवस दिसलेला नाही!

१७ नोव्हेंबर, रविवार

डेल मला विचारतो — मला! — “सिल्वी, टोपी होती ना डोक्यावर?” होती. “बंडी?” होती. “तो कोट जुना आहे गं, लाल विटलाय त्याचा...”

मी चंद्रावरून दिसेन इतकं नारिंगी घातलं होतं! चूक माझ्या कपड्यांची! वा! काल संध्याकाळी मी रेयनोच्या रायफलीतल्या गोळ्या काढून माझ्या खिशात टाकल्या. त्याने मागितल्याही नाहीत.

घरी परतलो. लेकीच्या, करीनच्या रिकाम्या खोलीत झोपते.

१९ नोव्हेंबर

तो टेबलाच्या त्या टोकाला. मी या टोकाला. कुत्रा दोघांकडे आळीपाळीने बघतो. आपल्या बायकोवर बंदूक रोखणारा माणूस जेवताना मीठ मागतो, मीठ त्याच्या हातापाशी असताना! मी सरकवलं नाही.

२१ नोव्हेंबर

मांस तर हवं. सकाळी एकटी गेले, कुरणाच्या खालच्या अंगाला. मिळाला! जाड मानेचा, पाच-सहा वर्षांचा नर. वारा पाठीवर घेऊन चालत आला, थेट माझ्याकडे बघत. मी लाल कोटात, सरळ त्याच्यासमोर. हलले नाही, एवढंच. तो मान खाली घालून हिम उकरायला लागला. एक गोळी. तिथेच बसला. बाबांना सांगावंसं वाटलं.

ओढायला माणसं हवीत, म्हणून घरी फोन केला. डेल आला, रेयनोला घेऊन. मनातल्या मनात मी वाक्य तयार ठेवलं होतं — बघ, एकही पान न लावता! आठवडाभराची चीड त्यात भरली होती. रेयनो हरणाजवळ गुडघ्यांवर बसला. हातमोजा काढला. आणि शिंगांवरून बोटं फिरवायला लागला, सावकाश, मुळापासून वर.

“किती टोकं आहेत?” त्याने विचारलं.

“दिसत नाहीत का?” मी फटकारलं.

“सांग ना.”

त्याची नजर शिंगांवर नव्हती. जरा बाजूला होती. माझ्या बुटांकडे कुठेतरी. बोटं मात्र टोकं मोजत होती. एक सुटलं, पुन्हा मागे आली.

“आठ,” मी म्हटलं.

डेल दोर सोडवत होता. त्याच्या काही लक्षात आलं नाही. मी तयार केलेलं वाक्य बोलले नाही.

२२ नोव्हेंबर

करीनला फोन केला, ती राहते त्या ग्रीन बे शहरात. तिने सोमवारची वेळ मिळवली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. रेयनोला सांगितलं. वाटलं होतं, भांडेल. भांडला नाही. उठला, गाडीची किल्ली खिशातून काढून माझ्यापुढे ठेवली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग. कडेचं दिसतं, समोरचं जातं. चष्म्याने जाणारं नाही. उन्हाळ्यापासून त्याला कळत होतं. हरीण अगदी जवळ आलं तर अजून जमेल, असं त्याला वाटलं होतं.

ग्रीन बेहून येताना गाडी मी चालवली. राज्याच्या सीमेवरच्या पुलापाशी विचारलं, “आधी का नाही बोललास?”

“तू हसत होतीस,” तो म्हणाला.