समुद्रावरून आणलेला मुलगा परत पाठवण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारीसाहेब,
मत्स्यखाते, विभागीय कचेरी,
मुक्काम गुलबर्गा.

अर्जदार: कोंडाबाई भ्र. ज्ञानोबा सूर्यवंशी, वय अंदाजे साठ, रा. चिंताकी, ता. औराद, जि. बिदर.

विषय: मुलगा नरसिंग याची बिदरची बदली रद्द होऊन त्यास किनाऱ्यावरील केंद्रात परत पाठवणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा गेल्या सालचा अर्ज (मंजूर). २) त्यानंतरचे अर्ज (उत्तर नाही). ३) आपल्या कचेरीचे नामंजुरीचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार ही चिंताकीची शेतकरी बाई असून तिला लिहिता-वाचता येत नाही. ती सांगते आणि औराद तहसिलीसमोर लिंबाखाली बसणारा अर्जनवीस गुरप्पा लिहितो, अशी या अर्जाची व्यवस्था आहे. गेल्या सालचा अर्जही त्यानेच लिहिला होता. तो फारच चांगला लिहिला गेला, त्याचाच हा सगळा ताप आहे.

२. अर्जदाराचा मुलगा प्राणिशास्त्र शिकून किनाऱ्यावरील केंद्रात लेप नावाच्या चपट्या समुद्रमाशाच्या संशोधनावर होता. चिंताकीत समुद्र कोणी पाहिलेला नाही. आपल्या जिल्ह्यात लांबचे साहेबलोक येतात ते बहुधा शिक्षा म्हणून, आणि आल्या दिवसापासून बदलीचे अर्ज करतात. त्यावरून गावाने ठरवून टाकले, की पोराला एवढ्या लांब, होडीत बसवून पाण्यावर धाडलंय म्हणजे त्याच्या हातून काहीतरी घडलेलं असणार आणि लाजेपोटी तो सांगत नाही. अर्जदारासही ते पटले. म्हणून तिने लिहवून घेतले, की आई म्हातारी आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, बघणारे कोणी नाही, तरी मुलास जिल्ह्यात आणावे. बिदरला पाठवा म्हणून अर्ज करणारे माणूस कचेरीस पहिल्यांदाच भेटले असावे. हुकूम तातडीने निघाला.

३. मुलगा आला. त्यास कमठाण्याजवळच्या तळ्यावर रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, मोजण्यास बसवले आहे. खात्याने त्याच्यासोबत त्याची योजनाही बिदरला वर्ग केली. त्यामुळे 'जिल्ह्यातील सागरी लेप माशांची स्थिती' या सदराखाली तो दर तिमाहीस 'निरंक' लिहून पाठवतो. प्रगती का नाही, असा खुलासा त्याच्याकडे मागण्यात आला. जिल्ह्यात समुद्र नाही, असे त्याने लेखी कळवले. खुलासा समाधानकारक नसल्याचे पत्र आले.

४. मुलगा अर्जदारास बदलीवरून एका शब्दानेही बोललेला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. सुट्टीला येतो, जेवतो, ओट्यावर बसून राहतो. घरात बुद्धाच्या फोटोखालच्या कोनाड्यात त्याने एक बाटली ठेवली आहे. तीत औषधी पाण्यात बोटाएवढा चपटा मासा आहे. एकदा वाढता वाढता अर्जदाराने विचारले, "ह्येचे दोन्ही डोळे एकाच अंगाला कामून रं?" तर ताटातली भाकरी वाळेपर्यंत तो बोलत राहिला. हा मासा जन्मतो तेव्हा इतर माशांसारखाच असतो, दोन बाजूंना दोन डोळे, सरळ उभा पोहणारा. मग एक डोळा हळूहळू डोक्यावरून पलीकडे सरकतो. मासा कायमचा एका कुशीवर होऊन तळाशी पडून राहतो आणि वाळूचाच रंग धरतो. पावसाळा सरताना ही पिल्ले कुठल्या वाळूत, किती खोल आणि कसल्या पाण्यात तळाला लागतात, हे तो शोधत होता. दोन हंगाम हाती आले होते. तिसरा यंदा लागोपाठ मिळाला नाही तर आधीचे दोन्ही वाया जातात. अर्जदाराने विचारले, "डोळा सरकायलाय तवा दुखत आसंल का रं त्येला?" तो हसला. "माय, ह्ये तर कुणी बघितलंच न्हाई," म्हणाला. समुद्रावरून आल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता. आपण काय करून बसलो, ते अर्जदारास त्या दिवशी कळले.

५. त्यानंतर अर्जदाराने अर्जामागून अर्ज केले. पण ते बिदर सोडू पाहणाऱ्या सगळ्यांच्या गठ्ठ्यात जाऊन पडले. शेवटी उत्तर आले, की सदर बदली आईच्या कारणावरून झाली असून ते कारण अस्तित्वात असेपर्यंत रद्द करता येत नाही.

६. कारण दूर करण्याची खटपट अर्जदाराने करून पाहिली. शेजारीण सुशीलाबाई हिने म्हातारीला सांभाळीन असे लिहून दिले. शेजारीण कुटुंबात बसत नाही, असे कारकुनांनी सांगितले. अर्जदार डॉक्टरांकडे बरी असल्याचा दाखला मागण्यास गेली. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचे ऑपरेशन करू, म्हातारपणाचे काय करू?

७. अर्जदार आता थकली आहे. सबब विनंती, की कचेरीच्या कागदोपत्री तिला मयत समजण्यात यावे, म्हणजे कारण उरणार नाही, आणि पावसाळा सरण्याच्या आत मुलास समुद्रावर पाठवावे. हे वाक्य लिहिण्यास अर्जनवीस तयार नव्हता. "तुझा हात कामून थांबायलाय, गुरप्पाअण्णा? मरायले मी, तू न्हाईस," असे ती म्हणाली, तेव्हा त्याने लिहिले.

हुकूम मुलाच्या नावे धाडावा. अर्जदार मयत असल्याने तिला वेगळे कळवण्याची तसदी घेऊ नये. कोनाड्यातली बाटली दिसेनाशी झाली की तिला कळेल.

आपली नम्र व तूर्त हयात,
कोंडाबाई भ्र. ज्ञानोबा सूर्यवंशी
(डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम औराद, दि. ६ जुलै १९७९
लिहिणार: गुरप्पा, अर्जनवीस

सोबत: नामंजुरीच्या पत्राची नक्कल. सुशीलाबाईचे लेखी. या अर्जाचा कानडी तर्जुमा, त्यातले कलम सात अर्जदाराने गुरप्पाकडून पुन्हा वाचून घेतले आहे.