करदोड्यावाला बेंडूक

रामाकोना,
गुरुवार, सकाळ

मोठे साळे पुंडलिकराव यांना त्यांच्या लहान बहिणीचा नवरा गुणवंता याचा दोन्ही हात जोडून रामराम.

इकडे आमी सारे खुशाल आहो (दामिनी सोडून, ते पुढं येते). तिकडे नागपूरले तुमचा डोळा कसा आहे? मोतीबिंदू निघाला, चांगलं झालं. आता काळा चष्मा घाला, वाकू नका, अन् मुख्य म्हणजे संताप करू नका. संतापानं डोळ्यावर दाब येते म्हणे. हे मी फक्त तुमच्या डोळ्यासाठी लिहून राहिलो, दुसरं कारण नाही. फोनच केला असता, पण फोनवर तुमी मले आजवर दुसरं वाक्य बोलू दिलं नाही. म्हणून कागद. वाचून दाखवणार तुमची सूनबाई. (डिंपल बेटा, कंसातलं मोठ्यानं वाचू नको.)

तर दामिनी. तुमची भाची छिंदवाड्याच्या कॉलेजातून पीएचडी करून राहिली, हे तुमाले ठाऊकच आहे. विषय काय, तर बेंडूक, पाली अन् सरड्यांच्या पोटातले जंत. पहिल्यांदा ऐकलं तवा मी म्हटलं, काऊन वं पोरी, माणसाच्या पोटातले कमी पडले काय? आता सवय झाली. फ्रिजात आमरसाच्या डब्याजवळ मेलेल्या पालीची बरणी राह्यते. मागं करुणानं ती लोणच्याची समजून उघडली होती. ते प्रकरण लिहीत नाही, पण तवापासून तुमची बहीण त्या फ्रिजातलं दही खात नाही. पोरीनं मले जंताचं सारं समजावून सांगितलं. एक जंत असते, तो बेंडकाच्या फुप्फुसात राह्यते. काम नाही, धाम नाही, बसल्या जागी खाते-पिते, पण घरधन्याले जिवानं मारत नाही, कारण घरधनी मेला तर याचंही बिऱ्हाड उठलं. मी म्हटलं, मंग तो घरजावईच झाला. ती हसली नाही. (माझी संत्र्याची झाडं तुझ्या मामंजीच्याच विहिरीवर जगतात, हे त्यायले इथं आठवून देऊ नको.)

दोन वर्षांत तिनं चाळीस बेंडूक तपासले. एक्केचाळिसाव्याच्या विष्ठेत (हा शब्द करुणा घरात काढू देत नाही) मायक्रोस्कोपखाली अशी अंडी दिसली, की तशी तिच्या मॅडमनंही कधी पाह्यली नव्हती. मॅडम स्वतः शुक्रवारी पाह्यले येणार, तवर तो बेंडूक जिता ठेवायचा होता. परसातल्या टपात आठ बेंडूक होते. ओळख म्हणून तिनं त्या एकाच्या कमरेले काळा दोरा बांधला. मले सांगितलं नाही. ही तिची चूक मी मोठ्या मनानं माफ केली आहे.

आता मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरडी चालली, कपाशी दोन पानांवर उभी. गावानं धोंडी काढायचं ठरवलं. मुसळाले कडुनिंब अन् बेंडूक बांधायचा, घरोघर फिरायचं, बायांनी वरून पाणी ओतायचं, की वरचाही ओतते. पण नाला आटलेला, बेंडूक कुठून आणता? मंग कोणीतरी पिल्लू सोडलं, की गुणवंताच्या पोट्टीनं गावचे बेंडूक संपवले म्हणून पाऊस नाही. शनिवारी सारं गाव माझ्या दारात. दामिनी छिंदवाड्याले. करुणा म्हणे, पोरीले फोन करून विचारा. मी म्हटलं, बापानं आपल्याच घरात कोणाले विचारावं? टप उघडला, अन् पाहतो तं एका बेंडकाच्या कमरेले करदोडा! म्हटलं, पाहा, पोरगी इतकी शिकली पण घरचं वळण सोडलं नाही, धोंडीचा बेंडूक करदोडा बांधून अलग काढून ठेवला. डोळे भरून आले जी माझे. हळद-कुंकू लावून तोच दिला.

तिसऱ्या गल्लीत धोंडी गेली अन् पाऊस कोसळला. लोकायनं मले खांद्यावर घेतलं. मी फुगलो, खोटं काऊन बोलू? त्याच भरात मी जाहीर केलं, की हा बेंडूक पुंडलिकरावांच्या विहिरीत सोडा, मन मोठं त्यायचं, अन् विहीरही.

संध्याकाळी पोरगी भिजत आली. टपातले बेंडूक मोजले, सात. झाकण हातात घेऊन ओट्यावर बसून राहिली. आज पाच दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. आईले म्हणते, "त्यांना विचार, चहा घेतात का." सव्वीस वर्षं मी 'बाबा' होतो जी, आता 'ते' झालो. जीव तुटते पुंडलिकराव. जेवण जात नाही.

तुमच्या वावरातला सुखदेव सांगते, की करदोड्यावाला तुमच्या विहिरीच्या कपारीत बसते अन् माणूस उतरला की बुडी मारते. मी मागून काही नाही राहिलो, फक्त कानावर घातलं.

तुमचा आज्ञेतला,
गुणवंता

ता. क. तुमच्या विहिरीले यंदा लवकरच लय पाणी आलं. इतकं पाणी बांधकामालेही बरं नाही म्हणतात. तुमची परवानगी असन तर थोडं उपसावं म्हणतो. थोडं म्हणजे तळ दिसेपर्यंत.

ता. क. दुसरा. तुमचं उत्तर यायले तीन दिवस लागतीन अन् मॅडम उद्या येते. म्हणून मोटर सकाळी सहापासून चालू आहे. हे पत्र मी विहिरीच्या काठावरच लिहून राहिलो. सुखदेव इमानदार माणूस, तो नाही म्हणे. मी त्याले सांगितलं, तुमी हो म्हटलं. डोळ्यावरचा दाब ध्यानात ठेवा. पाणी नाल्यात सोडलं आहे. (थोडं माझ्या संत्र्यात.)

ता. क. तिसरा. कागद ओला आहे, अक्षर लावून घ्या. तळाशी गाळात दोन डोळे दिसले म्हणून मी पायरीवरून वाकलो अन् पाण्यात पडलो. पाणी कमरेइतकंच होतं, पण गाळात पाय रुतले. काठावर थांबलेली दामिनी जाळी घेऊन खाली उतरली. पह्यले बेंडूक काढला, त्याचा करदोडा तपासला, त्याले डब्यात ठेवलं, झाकण लावलं. मंग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, हात द्या." मी दिला. पुढं मोटर बंद करायचं कोणाच्याच ध्यानात राह्यलं नाही. डिंपल बेटा, हे सारं कंसात धर.